हॅमिल्टनची हद्द कोणी आखायची?

मंत्र्याच्या एका सहीने शेतजमिनीच्या किमतीत किती भर पडू शकते, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सापडणार नाही. ते कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या महालेखापाल बॉनी लायसिक यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालात सापडते. २००५ च्या कायद्याने संरक्षित झालेल्या हरितपट्ट्यातून १५ ठिकाणची मिळून सुमारे ७,४०० एकर जमीन प्रांतिक सरकारने २०२२ च्या अखेरीस वगळली. त्यामुळे त्या जमिनींच्या मूल्यात ८२८ कोटी डॉलरची भर पडू शकते, असा अंदाज त्या अहवालात नोंदवलेला आहे. या जमिनीत एक दाणाही अधिक पिकला नव्हता, तिथे एक वीटही रचली गेली नव्हती. वगळलेल्या जमिनीपैकी सुमारे ९२ टक्के क्षेत्र अशा पाच ठिकाणांचे होते की, ज्यांची शिफारस दोन जमीन-विकासकांनी गृहनिर्माण मंत्र्यांच्या कार्यालयप्रमुखाकडे पोहोचवली होती. अहवालानंतर तो कार्यालयप्रमुख गेला, सप्टेंबरमध्ये मंत्री स्टीव्ह क्लार्क गेले आणि २१ सप्टेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्री डग फोर्ड यांना जाहीर माफी मागून निर्णय फिरवावा लागला.

हे प्रकरण गाजले आणि ते गाजायलाच हवे होते. परंतु लाचलुचपतीच्या संशयाने वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले की त्यामागचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. चार माणसे गैरमार्गाने वागली, ती गेली, प्रकरण मिटले, असा समज रूढ होतो. प्रत्यक्षात जी लूट गैरमार्गाने साधली नाही, ती कायदेशीर मार्गाने साधण्याची व्यवस्था त्यानंतर वर्षभरात उभी राहिली. हे पाहायचे असेल तर प्रांताची राजधानी टोरांटो सोडून ऑन्टारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाला असलेल्या हॅमिल्टन या शहराकडे वळले पाहिजे.

हॅमिल्टन हे पोलादाचे शहर. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख ६९ हजार. स्टेल्को आणि डोफॅस्को या दोन कारखान्यांनी ते उभे केले आणि १९४६ च्या स्टेल्कोतील संपाने कॅनडाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात त्याला स्थान मिळवून दिले. पुढे दोन्ही कारखाने परकी मालकीकडे गेले. डोफॅस्को २००६ मध्ये आर्सेलरकडे, स्टेल्को २००७ मध्ये यू. एस. स्टीलकडे. भट्ट्यांमधून मिळणारा नफा आटू लागला तसे भांडवलाने जमिनीकडे मोर्चा वळवला, यात नवल नाही. टोरांटोतील घरांच्या किमती न परवडणारी कुटुंबे पश्चिमेकडे सरकू लागली आणि हॅमिल्टनभोवतीच्या सुपीक शेतांवर सट्टा सुरू झाला.

या शहराची हद्दही लोकांनी आखलेली नाही. २००१ साली माइक हॅरिस यांच्या पुराणमतवादी प्रांतिक सरकारने जुने हॅमिल्टन आणि अँकेस्टर, डंडास, फ्लॅम्बरो, ग्लॅनब्रुक, स्टोनी क्रीक ही भोवतालची गावे, त्यांच्या इच्छेविरुद्ध, एका महानगरपालिकेत कोंबली. त्याच सुमारास सार्वजनिक घरांचा बोजाही प्रांताने नगरपालिकांच्या गळ्यात अडकवला. सभागृहात तेव्हापासून महापौर धरून सोळा सभासद बसतात आणि त्यांच्यात मूळ शहर विरुद्ध उपनगरे ही भेग कायम राहिली आहे. बससेवेचा कर प्रत्येक भागात निरनिराळ्या दराने आकारण्याची पद्धत विलीनीकरणानंतर वर्षानुवर्षे चालली; बस कमी म्हणून कर कमी, आणि कर कमी म्हणून बस कमी, या चक्रात उपनगरे अडकली. ज्याला मोटार परवडत नाही त्याने कोठे राहावे, हे अशा रीतीने करपत्रकानेच ठरवले.

अशा दुभंगलेल्या सभागृहाने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी १३ विरुद्ध ३ मतांनी एक निर्णय घेतला. २०५१ पर्यंत शहरात २ लाख ३६ हजार माणसे वाढतील आणि त्यांना सुमारे १ लाख १० हजार घरे लागतील, असे प्रांताच्या अंदाजांवर आधारलेले गणित होते. त्यासाठी नागरी हद्द वाढवून सुमारे १,३०० हेक्टर शेतजमीन तीत घ्यावी, अशी अधिकाऱ्यांची शिफारस होती. सभागृहाने ती नाकारली आणि हद्द तसूभरही न वाढवता ही सारी घरे आहे त्या शहरात सामावून घ्यायची असे ठरवले. त्यापूर्वी घरोघर टपालाने प्रश्नपत्रिका पाठवली गेली होती. १८ हजारांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांपैकी ९० टक्क्यांनी हद्दवाढीला विरोध दर्शवला.

ही पाहणी शास्त्रशुद्ध नव्हती, असा आक्षेप विकासकांच्या बाजूने तेव्हाही घेतला गेला व पुढेही घेतला जातो. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. ज्यांना आस्था होती त्यांनीच उत्तरे पाठवली. ती नमुना-पाहणी नव्हे. परंतु नगरपालिकेची निवडणूकही याच अर्थाने नमुना-पाहणी नसते. तिथेही ज्याला आस्था असते तोच मतदानाला जातो. आणि निर्णय प्रश्नपत्रिकेने घेतलेला नव्हता, निवडून आलेल्या सभासदांनी दीर्घ सुनावण्यांनंतर उघड मतदानाने घेतला होता. त्यांच्यात उपनगरांचे प्रतिनिधीही होते. ज्यांना १८ हजार नागरिकांची उत्तरे अशास्त्रीय वाटतात, त्यांना मंत्र्याच्या कार्यालयप्रमुखाच्या हाती पडलेली पाकिटे शास्त्रीय वाटत असतील तर त्या शास्त्राचे नाव त्यांनी एकदा सांगून टाकावे.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी मंत्री क्लार्क यांनी हॅमिल्टनचा विकास आराखडा मंजूर करताना त्यात स्वतःच्या अधिकारात सुमारे २,२०० हेक्टर जमीन घुसडली. अधिकाऱ्यांनीही जेवढी मागितली नव्हती तेवढी! महानगरपालिकेच्या निवडणुका होऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. त्या आदेशाविरुद्ध अपिलाची सोय नव्हती. हरितपट्ट्याचे प्रकरण अंगाशी आल्यावर नवे मंत्री पॉल कॅलान्ड्रा यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हा फेरबदल मागे घेण्याची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये तसा कायदा झाला. शेतकऱ्यांनी आणि नागरिकांच्या संघटनांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तो निःश्वास पुरा होण्याआधीच, जून २०२४ मध्ये, प्रांताने आणखी एक कायदा केला. पूर्वी एखाद्या नगरपालिकेने मोठी हद्दवाढ नाकारली तर खाजगी जमीनमालकाला त्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता येत नसे. नव्या कायद्याने ती वाट मोकळी केली आणि ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियोजन-धोरणाने हद्दवाढीच्या कसोट्याही सैल केल्या. हॅमिल्टनच्या दक्षिणेला व्हाइट चर्च रोडची जमीन आणि पूर्वेकडची एल्फ्रिडाची हजार हेक्टरांहून अधिक जमीन यांच्यासाठी विकासकांचे अर्ज दाखल झाले, ते याच वाटेने. आता मंत्र्याची सही नको, पाकीट नको, मेजवानी नको. सभागृहाने नाही म्हणावे आणि अर्जदाराने वकिलांची फौज घेऊन न्यायाधिकरणासमोर उभे राहावे. नगरपालिकेनेही मग करदात्यांच्या पैशातून वकील आणि तज्ज्ञ उभे करावेत, ते स्वतःच्याच निर्णयाच्या बचावासाठी. ज्या शेतकऱ्याची जमीन शेजारी आहे त्याला हा खर्च कसा झेपणार, याची चिंता कायद्याने केलेली नाही.

या सगळ्याचे समर्थन एकाच वाक्यात केले जाते: घरे नाहीत, म्हणून जमीन हवी. हे वाक्य इतके सोपे आहे की समाजवादी विचारांचे कार्यकर्तेही पुष्कळदा त्यापुढे गप्प बसतात. घरे नकोत असे कोण म्हणेल? म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, खुद्द फोर्ड सरकारने नेमलेल्या गृहनिर्माण-विषयक कार्यगटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट म्हटले होते की, जमिनीची टंचाई हे या संकटाचे कारण नव्हे. वस्तीच्या आत आणि हरितपट्ट्याबाहेरही जमीन उपलब्ध आहे. दहा वर्षांत १५ लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट सरकारने याच अहवालातून उचलले. उद्दिष्ट घेतले, निदान टाकून दिले. दुसरी गोष्ट, हद्दीबाहेरच्या शेतात उभी राहणारी घरे ही मुख्यतः मोटारीवर विसंबलेली एककुटुंबी घरे असतात आणि त्यांचा पाणी, मलनिस्सारण, रस्ते, अग्निशमन यांचा खर्च त्यांच्याकडून मिळणाऱ्या करातून भागत नाही. ओटावा नगरीसाठी २०२१ साली झालेल्या अभ्यासात अशा विरळ नव्या वस्तीचा तोटा दरमाणशी दरसाल ४६५ डॉलर निघाला. उलट जुन्या वस्तीतील दाट बांधकाम दरमाणशी ६०६ डॉलर शिल्लक टाकते असे दिसले. हा तोटा कोण भरतो? मूळ शहरातील भाडेकरू भरतो, भाड्यात दडलेल्या घरपट्टीच्या रूपाने. त्यातच २०२२ च्या अखेरच्या कायद्याने विकासकांनी नगरपालिकेला द्यावयाच्या विकास-आकारालाही प्रांताने कात्री लावली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांना घर नाही त्यांना या घरांतून घर मिळणार आहे काय? केंद्र सरकारने १९९३ मध्ये नवी सार्वजनिक घरे बांधण्यातून अंग काढून घेतले. प्रांताने ती जबाबदारी नगरपालिकांवर ढकलली. फोर्ड सरकारने १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथम वापरात आलेल्या घरांवरील भाडेनियंत्रण उठवले. त्याच वर्षी स्टोनी क्रीकमधील उंच इमारतींतल्या भाडेकरूंनी भाडे न भरण्याचा संप पुकारला होता, हे इथे आठवावे. जुन्या भाडेकरूंना दुरुस्तीच्या निमित्ताने बाहेर काढायचे आणि तीच खोली दुप्पट भाड्याने द्यायची, हा धंदा शहरात इतका बोकाळला की जानेवारी २०२४ मध्ये हॅमिल्टनच्या सभागृहाला त्यावर परवानापद्धती लादणारा उपविधी करावा लागला. ऑन्टारिओमध्ये असा नियम करणारी ती पहिली नगरपालिका. भाडेकरूंच्या ‘एकॉर्न’ या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे रस्ता आणि सभागृह यांच्यात फेऱ्या घातल्या. एल्फ्रिडाच्या शेतातील दोन मोटारींच्या गॅरेजसह मिळणारे घर या भाडेकरूंसाठी बांधले जात आहे, असे सांगणाऱ्याला फार तर धाडसी म्हणता येईल.

मग जमीन हवी कोणाला? रिकार्डोने १८१७ मध्ये खंडाचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याच्यासमोर इंग्लंडची धान्यबाजारपेठ होती. धान्य महाग झाले म्हणून जमिनीचा खंड वाढतो, खंड वाढला म्हणून धान्य महाग होत नाही, हे त्याने दाखवले. शहराच्या सीमेवर हाच नियम अधिक उघडपणे दिसतो. शेत म्हणून जमिनीची किंमत एक, आणि ‘हद्दीत आली’ असा शिक्का बसला की तिची किंमत दुसरीच. या दोन किमतींतील फरक जमीनमालकाने घामाने मिळवलेला नसतो. तो समाजाने बांधलेल्या जलवाहिनीचा, रस्त्याचा, शाळेचा आणि वाढत्या वस्तीच्या गरजेचा असतो. मिलने या अनर्जित वाढीवर कर बसवावा असे सुचवले होते. ही कल्पना क्रांतिकारकही नाही. खुद्द ऑन्टारिओमध्ये १९७४ साली बिल डेव्हिस यांच्या पुराणमतवादी सरकारने जमिनीच्या सट्ट्यावर कर बसवला होता. प्रारंभी जाहीर झालेला दर ५० टक्के होता. दर घटवला गेला, सवलती वाढल्या आणि १९७८ मध्ये कर रद्द झाला. म्हणजे त्या काळचा उजवा पक्षसुद्धा जे करू पाहत होता, ते बोलायलाही आजचे डावे कचरतात. हद्दवाढीच्या वादात न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने शेतीचा आणि पर्यावरणाचा मुद्दा हिरिरीने मांडला. मूल्यवृद्धी समाजाकडे यावी, ही मागणी मात्र त्या आवेशाने मांडली गेल्याचे दिसत नाही.

हॅमिल्टनचे सभागृह धुतल्या तांदळासारखे आहे, असे इथे कोणाला सुचवायचे नाही. जानेवारी २०१४ ते जुलै २०१८ या साडेचार वर्षांत एका उघड्या राहिलेल्या झडपेतून २,४०० कोटी लिटर मैलापाणी शडोक ओढ्यात आणि तेथून कूट्स पॅराडाइज या पाणथळीत वाहत राहिले. सभासदांना ते कळल्यावर त्यांनी बंद दाराआड मतदान करून नागरिकांपासून लपवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने ते उघडकीस आणले. रेड हिल खोऱ्यातून, आदिवासींचा आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध मोडून, २००७ मध्ये खुल्या केलेल्या द्रुतगती मार्गाची गोष्टही तशीच. त्या रस्त्याच्या घसरडेपणाविषयीचा २०१३ चा अहवाल पाच वर्षांहून अधिक काळ दडून राहिला आणि त्याच्या न्यायालयीन चौकशीवर कोट्यवधी डॉलर खर्च झाले. लाइट रेलच्या प्रश्नावर तर हे सभागृह वर्षानुवर्षे घोळ घालत राहिले. प्रांताने २०१५ मध्ये शंभर कोटी डॉलरचे आश्वासन दिले, सभासद पुन्हा पुन्हा मतदाने घेत राहिले. २०१८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत रेल्वेविरोधी उमेदवार पडला, लोकांनी कौल दिला. आणि १६ डिसेंबर २०१९ रोजी प्रांताच्या परिवहन मंत्री कॅरोलाइन मलरोनी यांनी खर्च फार म्हणून योजना रद्द केली. तोवर किंग स्ट्रीटवरची कितीतरी घरे-दुकाने योजनेसाठी विकत घेऊन रिकामी केली गेली होती. तेथून उठवलेल्या भाडेकरूंना कोणी परत बोलावले नाही. २०२१ मध्ये केंद्र व प्रांत यांनी मिळून ३४० कोटी डॉलर देऊ केले तेव्हा तीच योजना पुन्हा जिवंत झाली.

परंतु सभागृहाच्या पापांचा हिशेब मागण्याचे साधन नागरिकांच्या हाती असते. ऑक्टोबर २०२२ च्या निवडणुकीत पंधरापैकी नऊ नगरसेवक नवे आले, महापौरही नवा आला. हद्द आखणाऱ्या मंत्र्याला हॅमिल्टनचा मतदार घरी पाठवू शकत नाही. १८६७ च्या राज्यघटनेच्या ९२ व्या कलमानुसार नगरपालिका ही सर्वस्वी प्रांताची निर्मिती आहे. २०१८ मध्ये ऐन निवडणुकीत टोरांटोच्या प्रभागांची संख्या ४७ वरून २५ वर आणली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. ऑक्टोबर २०२२ च्या निवडणुकीत हॅमिल्टनमध्ये जेमतेम ३५ टक्के मतदान झाले, त्याचे कारणही इथेच शोधावे. जे सभागृह ठरवते ते प्रांत मोडतो, हे मतदाराला कळत नाही असे थोडेच आहे?

याच संदर्भात ‘बलवान महापौर’ या तरतुदीकडे पाहिले पाहिजे, आणि इथे समाजवाद्यांची खरी कसोटी आहे. प्रांताने २०२२ मध्ये आधी टोरांटो-ओटावात आणि १ जुलै २०२३ पासून हॅमिल्टनसह इतर अनेक शहरांत महापौराला विलक्षण अधिकार दिले. प्रांताच्या अग्रक्रमांना बाधक वाटणारा उपविधी महापौर नाकारू शकतो. त्या अग्रक्रमांसाठीचा उपविधी सभागृहाच्या एक तृतीयांशाहून थोड्या अधिक मतांवर संमत होऊ शकतो. लोकशाहीत अल्पमताने कायदा करण्याची ही सोय! हॅमिल्टनच्या महापौरपदी २०२२ मध्ये निवडून आल्या त्या अँड्रिया हॉरवथ. २००९ ते २०२२ पर्यंत प्रांतातील न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या. म्हणजे अधिकार दिले पुराणमतवाद्यांनी आणि ते पडले समाजवादी परंपरेतील बाईंच्या हाती.

२०२४ च्या आरंभी स्टोनी क्रीकच्या मध्यवस्तीतील महानगरपालिकेच्या दोन वाहनतळांवर ६७ परवडणारी घरे बांधण्याचा प्रस्ताव आला. दुकानदारांनी व शेजाऱ्यांनी मोटारी कोठे लावायच्या म्हणून ओरड केली. सभागृहात ८ विरुद्ध ८ मते पडली आणि समसमान मतांमुळे प्रस्ताव कोसळला. तेव्हा हॉरवथबाईंनी आपले खास अधिकार वापरून तो पुढे रेटला. डाव्या गोटातील अनेकांनी समाधान मानले.

प्रस्ताव योग्य होता, यात शंका नाही. जे सभासद शेतजमीन वाचवण्याच्या गोष्टी करतात आणि वाहनतळावर ६७ कुटुंबे येणार म्हटले की विरोधात हात वर करतात, ते विकासकांच्या हातात आयते कोलीत देतात. हद्द गोठवायची तर आतली वस्ती दाट झाली पाहिजे. त्यासाठी २०२२ मध्ये सभागृहाने जुन्या घरांचे चार बिऱ्हाडांपर्यंत रूपांतर करण्याची मोकळीक दिली होती. तिच्याशी इमान राखायचे तर आपल्या गल्लीतही माणसे येऊ द्यावी लागतात. एवढे सारे मान्य करूनही हॉरवथबाईंनी धरलेला मार्ग चुकीचा होता असेच म्हणावे लागते. त्या अधिकाराची किल्ली प्रांताच्या खिशात आहे. तो ‘प्रांताच्या अग्रक्रमां’साठीच वापरता येतो, ते अग्रक्रम फोर्ड सरकार ठरवते, आणि आज सार्वजनिक घरांसाठी उघडलेले दार उद्या एल्फ्रिडासाठी उघडायला दुसरा महापौर मोकळा आहे. त्या वेळी अल्पमताचा कायदा अन्याय्य आहे असे म्हणण्याचा नैतिक अधिकार कोणाजवळ उरेल? एका मताची उणीव होती. ते मत मिळवण्यासाठी स्टोनी क्रीकच्या दुकानदारांच्या बैठका घेणे, घरांच्या प्रतीक्षायादीत नाव असलेल्या तिथल्याच कुटुंबांना सभागृहाच्या सज्जात आणून बसवणे, भाडेकरूंच्या संघटनेला प्रभागात उतरवणे, हे काम पक्षाने करायचे असते. ते कंटाळवाणे असते आणि त्याला महिने लागतात. दुरुस्तीच्या नावाने होणाऱ्या हकालपट्टीविरुद्धचा उपविधी याच कंटाळवाण्या कामातून संमत झाला होता. त्यासाठी कोणाचेही खास अधिकार लागले नव्हते.

आणि वाहनतळांचा प्रश्न एका सहीने सुटला म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की, एल्फ्रिडा आणि व्हाइट चर्चचे अर्ज त्याच प्रांताच्या कायद्याने सभागृहाच्या हातून काढून न्यायाधिकरणाच्या टेबलापर्यंत नेता येतात. तिथे महापौराची सही चालत नाही, सभागृहाचे एकमतही चालत नाही. तिथे विकासकाचा नियोजनतज्ज्ञ आणि नगरपालिकेचा नियोजनतज्ज्ञ समोरासमोर बसतात आणि २०२१ मध्ये टपालाने उत्तर पाठवलेल्या नागरिकाला बोलायला मिळालीच तर काही मिनिटे मिळतात.